पेशींची खानेसुमारी

मराठी परिभाषाकारांनी ‘थायमस’ या ग्रंथीला ‘यौवनलोपी’ असे नाव दिले, तेव्हा त्यांनी एका शब्दात तिचे सारे चरित्रच सांगून टाकले असे मला नेहमी वाटत आले आहे. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला टेकून बसलेली ही दुपाखी ग्रंथी जन्मवेळी देहाच्या मानाने भलतीच मोठी असते. बाल्यात ती अहोरात्र राबते. आणि तारुण्य येऊन स्थिरावले, की आपले काम संपले असे जणू समजून चरबीत विरत जाते. एचआयव्हीची लागण घेऊन जन्मलेल्या मुलांच्या उपचाराचा जो इतिहास मला येथे सांगावयाचा आहे, तो वरवर पाहता औषधांचा इतिहास आहे; परंतु थोडे खोल उतरले, तर तो एका मोजणीचा, म्हणजे रक्ताच्या थेंबातील पेशींच्या खानेसुमारीचा, आणि मुलांची ही खानेसुमारी कोणाच्या मापाने करावयाची या वादाचा इतिहास ठरतो; आणि त्या वादात ही यौवनलोपी ग्रंथी पदोपदी आडवी येते.

हे माप चुकण्याचा प्रकार एचआयव्हीच्या पुष्कळ आधीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील वैद्यांचा असा दृढ समज होता, की काही अर्भके पाळण्यात निजल्या निजल्या अकस्मात दगावतात ती या ग्रंथीच्या अवास्तव वाढीने श्वासनलिका दबल्यामुळे. मृत अर्भकांचे विच्छेदन केल्यावर ग्रंथी मोठी आढळे, हे खरे. पण मोठी कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ‘नेहमीच्या’ आकाराची जी कोष्टके शरीरशास्त्रज्ञांच्या दफ्तरी होती, ती बव्हंशी दीर्घ आजाराने आणि उपासमारीने झिजून मेलेल्या गरीब मुलांच्या शवांवरून तयार झालेली होती, आणि अशा झिजेत सर्वांत आधी आक्रसते ती नेमकी हीच ग्रंथी. म्हणजे कोष्टकातले माप रोग्याचे होते आणि त्या मापाने रोगी ठरवली जात होती ती निरोगी मुले. परिणाम असा झाला, की हजारो धडधाकट बालकांच्या गळ्याशी आणि छातीवर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला, आणि त्यांतील कित्येकांना पुढे गळ्यातील अवटू ग्रंथीचा कर्करोग झाला, हे १९५० च्या सुमारास उघडकीस येऊ लागले.

ग्रंथीचे खरे काम १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी दाखविले. उंदरांतील रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करीत असता त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांची ही ग्रंथी काढून टाकली. पिले काही आठवडे वाढली, मग खंगली आणि मेली. त्यांच्या रक्तात लसीकापेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या आणि परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर बसविली तरी ती झिडकारण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. मोठ्या उंदरांची ग्रंथी काढली असता मात्र लगेच असे काहीच होत नसे, आणि म्हणूनच मिलर यांच्या पूर्वीचे सगळे प्रयोगकार फसले होते. त्यांनी प्रौढ प्राण्यावर प्रयोग केला आणि ग्रंथी निरुपयोगी आहे असा निर्वाळा दिला. अस्थिमज्जेत जन्मणाऱ्या काही पेशी या ग्रंथीत येऊन शिकून तयार होतात, आणि रोगप्रतिकाराच्या फौजेत रुजू होतात, हे पुढील दशकात निश्चित झाले. थायमसच्या आद्याक्षरावरून त्यांना टी पेशी हे नाव पडले.

परंतु सूक्ष्मदर्शकाखाली सर्व लसीकापेशी सारख्याच दिसतात. गोल, गडद केंद्राच्या, एकीसारखी दुसरी. त्यांच्यातील जातीपोटजाती ओळखून मोजावयाच्या तर दोन साधने हवी होती. पहिले साधन १९७५ मध्ये केंब्रिज येथे क्योलर आणि मिलस्टाइन यांनी दिले: पेशीच्या पृष्ठभागावरील एकाच खुणेला नेमके चिकटणारे आणि हवे तितके तयार करता येणारे एकरूप प्रतिपिंड. दुसरे साधन त्याच्या थोडे आधी स्टॅनफर्ड येथे लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत घडत होते: प्रतिपिंडांना चमकते रंग जोडावयाचे, पेशींना एका बारीक धारेत एकीमागे एक अशा रांगेने लेसरच्या झोतापुढून न्यावयाचे, आणि जी ज्या रंगाने चमकेल तिची त्या खात्यात नोंद करावयाची. कचेरीच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पागोट्यांचे रंग टिपून घेणाऱ्या कारकुनासारखे हे यंत्र. मात्र ते सेकंदाला हजारोंची नोंद करते. या दोहोंच्या साहाय्याने १९८० च्या सुमारास टी पेशींचे दोन मुख्य वर्ग मोजता येऊ लागले. एक साहाय्यक पेशींचा, ज्या इतर पेशींना कामाला लावतात. दुसरा मारक पेशींचा. पुढे १९८२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत या खुणांना क्रमांक देण्याचा शिरस्ता पडला, त्यात साहाय्यक पेशींच्या वाट्याला सीडी-४ हा क्रमांक आला आणि मारकांच्या वाट्याला सीडी-८. प्रयोगशाळेतल्या कपाटावरील चिठ्ठीसारखे हे नाव तीस वर्षांच्या आत सांगली-सोलापूरकडच्या खेड्यांतील निरक्षर आजीच्या तोंडी ‘सीडी फोर’ होऊन बसेल, याची तेथे जमलेल्या विद्वानांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

यंत्र तयार झाले, आणि जून १९८१ मध्ये लॉस एंजल्समधील पाच तरुणांच्या विलक्षण न्यूमोनियाची बातमी अमेरिकी आरोग्यखात्याच्या साप्ताहिक पत्रकात आली. हा रोग दहा वर्षे आधी प्रकटला असता, तर ‘लसीकापेशी कमी झाल्या आहेत’ यापलीकडे कोणालाही काही सांगता आले नसते. आता नेमके दिसले, की साहाय्यक पेशी नाहीशा होत आहेत आणि त्यांचे मारकांशी असलेले प्रमाण उलटे झाले आहे.

मुलांमध्येही हेच घडत आहे, असे प्रथम म्हणणारे दोन वैद्य म्हणजे न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील आर्ये रुबिन्स्टाइन आणि हडसन नदीपलीकडे नेवार्क येथील जेम्स ओलेस्की. दोघेही जन्मजात प्रतिकारदौर्बल्याचे जाणकार. ग्रंथीच नसलेली मुले त्यांनी पाहिली होती, आणि समोर येणारी मुले त्यांतली नाहीत हे त्यांना कळत होते. समलिंगी पुरुषांचा म्हणून गाजलेला रोग तान्ह्या मुलाला होईलच कसा, अशी त्या काळी बहुतेकांची धारणा असल्यामुळे त्यांचे म्हणणे आरंभी कोणी मनावर घेतले नाही. अखेर ६ मे १९८३ च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दोघांचे लेख लागोपाठ छापले गेले: ओलेस्की यांची आठ मुले, रुबिन्स्टाइन यांची सात. या दुसऱ्या लेखाच्या शीर्षकात उलट्या झालेल्या पेशीप्रमाणाबरोबरच मातांच्या स्वैर वर्तनाचा आणि व्यसनांचाही उल्लेख आहे. मुलाच्या रक्ताची मोजणी करावयास निघालेल्या शास्त्राने आईच्या चारित्र्याचीही नोंद त्याच ओळीत करून ठेवावी, हे आज वाचताना बोचते. आणि पुढे या मुलांना शाळेची दारे बंद झाली, तेव्हा त्या नोंदीचीच प्रत गावोगाव फिरत होती असे म्हणावयास हरकत नाही. विषाणू त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला, आणि तो पेशीत शिरतो तो सीडी-४ याच खुणेच्या दारातून, हे १९८४ मध्ये लंडन व पॅरिस येथे सिद्ध झाले.

आता खरी अडचण उभी राहिली ती अशी, की आजारी मुलाच्या पेशी कमी आहेत हे ठरविण्यास निरोगी मुलाच्या पेशी किती असतात हे ठाऊक हवे, आणि ते कोणालाच नीट ठाऊक नव्हते. प्रौढाच्या रक्तात घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १,५०० सीडी-४ पेशी असतात. पहिल्या काही महिन्यांच्या निरोगी अर्भकाच्या रक्तात, त्या राबत्या यौवनलोपी ग्रंथीच्या कृपेने, त्या सुमारे ३,००० असतात, आणि मग हळूहळू उतरत पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढाच्या पातळीला येतात. म्हणजे जो आकडा मोठ्या माणसाला उत्तम म्हणावा, तोच तान्ह्या मुलाला घातक ठरू शकतो. नेवार्कच्याच मंडळींनी इतरांच्या साहाय्याने निरोगी मुलांचे रक्त मोजून पहिल्या पाच वर्षांचे कोष्टक १९९२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांचे वर्गीकरण वयपरत्वे ठरविले: वर्षाच्या आतील मुलाला ७५० च्या खाली, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ५०० च्या खाली, त्यापुढील मुलाला २०० च्या खाली आकडा गेला म्हणजे गंभीर दौर्बल्य. नुसती संख्या वयाबरोबर घसरते, म्हणून लसीकापेशींत शेकडा किती सीडी-४, हे प्रमाणही सोबत धरले गेले. शेकडा २५ वा अधिक असल्यास बरे, १५ च्या खाली असल्यास वाईट.

हा तपशील रुक्ष वाटेल, पण या रुक्ष आकड्यांवर मुलांचे प्राण टांगलेले होते. या मुलांपैकी कित्येकांना पहिल्या सहा महिन्यांत एक विशिष्ट बुरशीजन्य न्यूमोनिया होई आणि पुष्कळ त्यात जात. कोट्रायमोक्झाझोल नावाच्या स्वस्त औषधाने तो टाळता येतो. १९९१ च्या अमेरिकी नियमांनी सांगितले, की वर्षाच्या आतील मुलाचा आकडा १,५०० च्या खाली गेला म्हणजे हे औषध सुरू करावे. चार वर्षांनी पाहतात, तर न्यूमोनिया कमी झालेलाच नाही. कित्येक मुलांना आपल्या लागणीचा पत्ता लागण्याआधीच तो होत होता, आणि कित्येकांना शेवटच्या मोजणीत आकडा १,५०० च्या वर असताना झाला होता, कारण तान्ह्या मुलाचा आकडा दोन भेटींच्या मधल्या अवधीत कोसळतो. १९९५ मध्ये नियम फिरविण्यात आला: बाधित मातेच्या प्रत्येक अर्भकाला चार ते सहा आठवड्यांचे होताच औषध द्यावे, मोजणीची वाट पाहू नये. या कलमाकडे वाचकाने लक्ष ठेवावे. तेरा वर्षांनी दुसऱ्या खंडात तेच नव्याने लिहावे लागणार आहे.

औषधांची हकीकत मी त्रोटक सांगतो. झिडोव्हुडिन हे पहिले औषध प्रौढांसाठी १९८७ मध्ये मंजूर झाले आणि मुलांसाठी १९९० मध्ये. मधल्या काळात फिलिप पिझो यांनी बेथेस्डा येथे एकवीस मुलांना ते शिरेतून अखंड धारेने दिले, आणि १९८८ मध्ये कळविले, की मेंदूवर विषाणूचा परिणाम झालेली मुले पुन्हा बोलू-चालू लागली. पण त्यांच्या पेशींत झालेली वाढ टिकाऊ नव्हती. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील चाचणीने दाखविले, की हेच औषध गरोदरपणी, प्रसूतीत आणि नंतर बाळाला दिले असता आईकडून बाळाला होणारी लागण शेकडा २५.५ वरून ८.३ वर येते. १९९६ नंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, आणि ज्या पेशी पंधरा वर्षे केवळ नाहीशा होताना मोजल्या जात होत्या, त्या परत येताना मोजण्याचा योग प्रथमच आला.

या परतण्यातच मुलांचे वेगळेपण दिसून आले. सीडी-४ पेशींत दोन प्रकारची माणसे असतात, असे म्हणू या. एक कोऱ्या, ज्यांनी अजून एकही रोगजंतू पाहिलेला नाही आणि ज्या उद्याच्या अनोळखी शत्रूसाठी राखून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या जाणत्या, ज्यांच्यापाशी पूर्वीच्या लढायांची स्मृती असते. पॅरिसमध्ये ब्रिजिट ओत्राँ यांच्या चमूने १९९७ मध्ये दाखविले, की उपचार सुरू झाल्यावर प्रौढाचा आकडा पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने चढतो खरा, पण ती वाढ जाणत्या पेशींची असते. त्या नव्याने जन्मलेल्या नसतात, तर दाहामुळे लसीकाग्रंथींत अडकून पडलेल्या रक्तात परत येतात. गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या गावाची खानेसुमारी करावी आणि मुंबईहून आलेले चाकरमानी मोजून ‘गावाची वस्ती वाढली’ असे लिहून घ्यावे, त्यातलाच हा प्रकार. कोऱ्या पेशी प्रौढाच्या रक्तात येतात त्या मागाहून, संथपणे, वर्षानुवर्षे. मुलांच्या रक्तात मात्र प्रारंभापासून कोऱ्या पेशींचीच भर मोठी आढळली. तेथे पाहुणे आलेले नव्हते, घरात पाळणे हलत होते.

ते पाळणेच आहेत हे कशावरून, याचा पुरावाही त्याच सुमारास मिळाला. यौवनलोपी ग्रंथीत टी पेशी घडते तेव्हा शत्रू ओळखण्याचे तिचे साधन जुळविताना जनुकद्रव्याचा एक तुकडा कापला जातो, आणि त्याचे टोक टोकाला जुळून एक लहानसे वेटोळे पेशीत पडून राहते. हे वेटोळे पुन्हा निपजत नाही. पेशी दुभंगली, की ते दोन लेकींपैकी एकीकडेच जाते. म्हणून रक्तात ज्या प्रमाणात अशी वेटोळी आढळतील, त्या प्रमाणात नुकत्याच ग्रंथीतून बाहेर पडलेल्या पेशी आहेत असे समजावे. कापलेली नाळ मोजून जन्म मोजण्याचीच ही रीत. डॅनियल डूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये एचआयव्हीच्या रोग्यांना लावून दाखविली. उपचार घेणाऱ्या मुलांत ही वेटोळी वाढलेली दिसली. त्याआधीच, १९९५ मध्ये, क्रिस्टल मॅकॉल यांनी कर्करोगावरील जहाल औषधांनी पेशी नष्ट झालेल्या एक ते चोवीस वर्षे वयाच्या रुग्णांचा अभ्यास करून सांगितले होते, की वय जितके कमी, तितक्या पेशी लवकर भरून येतात, आणि ज्यांची ग्रंथी त्या वेळी पुन्हा फुगलेली दिसते त्यांच्यात सर्वांत चांगल्या. ज्या फुगीर ग्रंथीवर ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी क्ष-किरण सोडले जात, तिचेच छायाचित्र आता वैद्य शुभचिन्ह म्हणून पाहू लागले होते.

अर्थात ही वाढ निर्भेळ सुखाची नव्हती. उपचाराने मारक पेशींची अखंड चेतलेली अवस्था निवते, उलटे झालेले प्रमाण सावकाश सुलटते. पण जे पूर्वी पुसले गेले ते सगळे परत लिहिले जात नाही. गोवराची लस बालपणी टोचलेली असली, तरी उपचारापूर्वीच्या काळात त्या लसीची स्मृती धरणाऱ्या पेशी विरून गेलेल्या असल्या, तर उपचाराने आकडा पूर्ण भरला तरी ती स्मृती परतत नाही, आणि लस नव्याने टोचावी लागते. उलट, दक्षिण आफ्रिकेत जन्मतःच बीसीजी टोचलेल्या काही बाधित अर्भकांना उपचार सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत काखेत गाठ येई आणि ती पिके. आई घाबरून विचारी, औषधाने मूल बरे होते आहे की बिघडते आहे? वस्तुतः लसीतले जिवंत जंतू तेथे निवांत बसलेले होते, आणि नव्याने आलेल्या पेशींनी त्यांना प्रथमच पाहिले होते.

दक्षिण आफ्रिकेचे नाव निघाले, म्हणून आता त्या चाचणीकडे वळतो जिच्यासाठी खरे तर मी हा लेख लिहावयास घेतला. विसाव्या शतकाच्या अखेरीस या देशात बाधित मुलांचे जन्म प्रचंड प्रमाणात होत होते. आफ्रिकेतील निरनिराळ्या चाचण्यांतील मुलांची २००४ मध्ये एकत्र मांडलेली जंत्री असे सांगत होती, की उपचार न मिळालेल्या बाधित मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. तरीही त्या वेळचा नियम असा, की अर्भकाचे शेकडा प्रमाण ठरावीक मर्यादेखाली घसरल्यावाचून किंवा आजाराची लक्षणे दिसल्यावाचून त्रिऔषधी उपचार सुरू करू नये. नियम निर्दयतेने केलेला नव्हता, हे सांगितले पाहिजे. औषधे विषारी होती, आयुष्यभर घ्यावयाची होती, तान्ह्या मुलाला पाजण्याजोगी त्यांची रूपे थोडी आणि चवीला कडूजहर होती, आणि विषाणू त्यांना सरावला तर पुढची औषधे जवळ नव्हती. थांबण्याला कारण होते. फक्त थांबण्याचा क्षण पेशींच्या आकड्यावर ठरवावयाचा, हा प्रौढांच्या उपचारातला शिरस्ता मुलांनाही लावला गेला होता.

सोवेटोच्या बॅरग्वनाथ रुग्णालयात ॲव्ही व्हायोलारी यांनी आणि केप टाउनजवळ टायगरबर्ग येथे मार्क कॉटन यांनी २००५ पासून सहा ते बारा आठवड्यांची ३७७ बाधित अर्भके निवडली. प्रत्येकाचे सीडी-४ प्रमाण शेकडा २५ वा अधिक. म्हणजे खानेसुमारीच्या कागदावर ही सगळी मुले ठणठणीत. २५२ मुलांना तात्काळ उपचार दिला, त्यांतील काहींना चाळीस आठवडे, काहींना शहाण्णव आठवडे. उरलेल्या १२५ मुलांना नियमाप्रमाणे आकडा उतरेपर्यंत थांबविले. जून २००७ मध्ये देखरेख मंडळाने हिशेब पाहिला आणि चाचणीचा तो भाग थांबविला, कारण थांबविलेल्या १२५ पैकी २० मुले मेली होती आणि तात्काळ उपचार दिलेल्या २५२ पैकी १०. शेकडा सोळा विरुद्ध शेकडा चार. बरे, थांबविलेली मुले दुर्लक्षित नव्हती. त्यांची मोजणी वेळच्या वेळी होत होती, आकडा उतरताच उपचार मिळत होता, आणि सामान्य रुग्णालयात मिळणार नाही इतकी काळजी त्यांची घेतली जात होती. तरी ती मेली.

आकडा खोटा नव्हता. मोजलेल्या पेशी खरोखरच रक्तात होत्या. पण अर्भकाच्या पेशी जवळजवळ सगळ्या कोऱ्या असतात; त्यांच्यापाशी अनुभव नसतो, आणि आईकडून आलेल्या प्रतिपिंडांची शिदोरी काही महिन्यांत संपते. विषाणूला तर अशा मुबलक, वाढत्या पेशींचे रान मोकळे मिळते, म्हणून अर्भकाच्या रक्तातील विषाणूंची संख्या प्रौढाप्रमाणे काही आठवड्यांत खाली न येता वर्ष-दोन वर्षे चढीच राहते. शिवाय जी ग्रंथी झीज भरून काढावयाची, तिच्यात शिरूनच विषाणू तिचे काम मोडतो. कोठारात धान्य किती आहे हे मोजणारा माणूस तेवढ्यावरून कोठाराला आग लागली आहे की नाही हे सांगू शकत नाही. १९९५ चे ते कलम न्यूमोनियापुरते लिहिलेले होते, आणि कोणाला ते आठवलेही नसावे. एका रोगाच्या नियमावलीतला धडा शेजारच्या नियमावलीत जाण्यास तेरा वर्षे का लागावी, याचे उत्तर पेशीविज्ञानात नाही. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियम बदलला: वर्षाच्या आतील प्रत्येक बाधित मुलाला, आकडा काहीही असो, निदान होताच उपचार. पुढे ही मर्यादा २०१० मध्ये दोन वर्षांवर, २०१३ मध्ये पाच वर्षांवर गेली, आणि २०१५ मध्ये वयाच्या आणि आकड्याच्या दोन्ही अटी सर्वांसाठीच उठल्या.

आपल्याकडे ही हकीकत थोडी मागून आली. भारतात लागण प्रथम आढळली ती १९८६ मध्ये चेन्नईत, सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीत. सोलोमन या माहेरच्या गायतोंडे. महाराष्ट्र लवकरच सर्वाधिक लागण असलेल्या प्रांतांत गणला जाऊ लागला, आणि १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. सरकारी खर्चाने मोफत उपचार सुरू झाला १ एप्रिल २००४ रोजी, आठ रुग्णालयांत, त्यांतले एक मुंबईचे जे. जे.; मुलांसाठी वेगळी औषधयोजना मात्र नोव्हेंबर २००६ च्या अखेरीची. तोपर्यंत मोठ्यांच्या गोळीचे अंदाजाने तुकडे करून मुलांना देत असत, आणि अशा तुकड्यात तीन औषधांचे प्रमाण सारखे उतरेल याची शाश्वती कोण देणार? मुंबईच्याच सिप्ला कंपनीने, जिने २००१ मध्ये प्रौढांचा त्रिऔषधी उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ करून जगाच्या बाजारभावाची उलथापालथ केली होती, पाण्यात विरघळणाऱ्या मुलांच्या गोळ्या तयार केल्या. त्या आफ्रिकेतील झांबियात लुसाका येथील मुलांवर कसोटीस उतरल्या. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानेही इथिओपिया व युगांडा यांच्या बरोबरीने, अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याची चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले.

पंढरपूरची पालवी, लातूरजवळ हासेगावचे सेवालय, पुण्याजवळची मानव्य, अशा घरांत आणि त्याहून कितीतरी अधिक आजी-आजोबांच्या घरांत या मुलांचे बालपण गेले. त्यांच्यात सीडी फोरचा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा बोलला जाई. ‘गेल्या खेपेस चारशे होता, या खेपेस साडेसहाशे आला,’ असे सांगताना आजीच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, त्याला पेशींची कोरी-जाणती अशी विभागणी ठाऊक नव्हती. पण नातू आपल्यामागे राहील की आपल्याआधी जाईल, याचा जमाखर्च तिने त्या एका आकड्यावर मांडलेला होता, आणि तो फारसा चुकीचा होता असे मला म्हणवत नाही.

आकडा पूर्ण असूनही मूल मरते, हे सोवेटोने दाखविले. त्याच्या नेमके उलटे चित्र त्याच देशातून २०१६ मध्ये पुढे आले. फिलिप गोल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचाराविना पाच वर्षांपलीकडे निरोगी वाढलेल्या १७० मुलांचे रक्त तपासले. त्यांच्या रक्तात विषाणू हजारोंनी होते, पेशी मात्र निरोगी मुलाइतक्या. आणि त्यांच्या प्रतिकारयंत्रणेत ती अखंड चेतलेली अवस्था नव्हती. पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे या माकडांत असेच होते: विषाणू भरपूर, रोग नाही. शत्रूशी न लढता जगण्याची ही रीत मोजक्याच मुलांना साधते, आणि तिच्यावर विसंबून कोणाचा उपचार लांबवावा असे कोणीही म्हणत नाही.

युगांडा आणि झिम्बाब्वे येथे १,२०६ मुलांवर केलेली जी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिची रचना मला सर्वांत विलक्षण वाटते. सगळ्या मुलांना उपचार मिळाला आणि सगळ्यांच्या पेशी नियमितपणे मोजल्या गेल्या. परंतु निम्म्या मुलांचे आकडे त्यांच्या वैद्यांना दाखविण्यातच आले नाहीत. तीन-चार वर्षांचे ते आकडे दफ्तरी पडून राहिले, आणि वैद्याने मुलाची उंची, वजन, ताप, खोकला पाहून निर्णय घ्यावयाचे होते. अखेरीस दोन्ही गटांतील मुले जवळपास सारख्याच संख्येने जगली होती. ज्या गावात औषध पोहोचविता येते पण पेशी मोजणारे यंत्र नेता येत नाही, तेथेही मुलांवर उपचार करता येईल, असे त्या न उघडलेल्या दफ्तराने सिद्ध केले. औषध सुरू करावयाला आकड्याची परवानगी लागे, ते दिवस भारतातही २०१७ मध्ये संपले. आता मोजावयाचे ते मुख्यत्वे विषाणू.

२००६ च्या योजनेत दाखल झालेली जी मुले वाचली, ती आज विशीत-तिशीत आहेत आणि मोठ्यांच्या ए.आर.टी. (विषाणूरोधक उपचार) केंद्राच्या रांगेत उभी राहतात. काहींची लग्ने झाली आहेत, काहींना लागण नसलेली मुले झाली आहेत. त्यांची यौवनलोपी ग्रंथी नावाप्रमाणे लोपू लागली आहे, आणि त्यांच्या रक्तात ज्या कोऱ्या पेशी आहेत, त्या यापुढे बहुतेक जुन्याच कोऱ्या पेशी दुभंगून निपजणाऱ्या असतील. म्हणजे विरघळत्या गोळ्यांच्या त्या दिवसांत, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी, त्यांच्या ग्रंथीने जेवढे साठवून ठेवले, त्याच्याच वंशजांवर त्यांना पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढावयाची आहेत.